चाकांवरचे घर, कड्यावरचा रस्ता

१९६० साली, काही आठवड्यांच्या अंतराने, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या परिसरात दोन लेखक येऊन गेले. पहिला जॅक केरुआक, वय ३८. ‘ऑन द रोड’ या कादंबरीमुळे तीन वर्षांपूर्वी अचानक प्रसिद्ध झालेला, आणि त्या प्रसिद्धीला व दारूला कंटाळून समुद्राकाठच्या एका मित्राच्या झोपडीत लपायला आलेला. दुसरा जॉन स्टाइनबेक, वय ५८. जवळच्याच सॅलिनास गावात जन्मलेला, पण अनेक वर्षे न्यूयॉर्ककडे स्थायिक झालेला आणि आता आपला देश पुन्हा एकदा पाहायला निघालेला. केरुआक पायी चालत होता. स्टाइनबेककडे ट्रकवर बसवलेले एक छोटे घर होते. दोघांची पुस्तके १९६२ साली निघाली: केरुआकची ‘बिग सुर’ ही कादंबरी आणि स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे प्रवासवर्णन. त्याच वर्षी स्टाइनबेकला नोबेल मिळाले.

फिरते घर घेऊन समुद्राकाठच्या देखण्या रस्त्याने जावे, ही आज जगभरच्या पर्यटनाची आवडती कल्पना आहे. मोटरहोम, कॅम्पर, आरव्ही, कॅरॅव्हॅन अशी तिला नावे अनेक. या कल्पनेला साहित्यिक प्रतिष्ठा मिळवून देण्यात स्टाइनबेकच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. म्हणून हे पुस्तक, त्याच सालच्या त्याच किनाऱ्यावर घडणारी केरुआकची कादंबरी आणि प्रत्यक्ष तो रस्ता, अशी तिन्ही शेजारी ठेवून वाचावीत असे मला वाटले. प्रवासवर्णन नकाशा उघडा ठेवून वाचायची माझी जुनी सवय आहे. लेखक कोठून कोठे गेला, यापेक्षा कोणता रस्ता त्याने वगळला, हे नकाशा लवकर सांगतो.

रस्ता कोणी बांधला?

कार्मेलपासून सॅन सिमिऑनपर्यंतचा सुमारे ९० मैलांचा पट्टा म्हणजे बिग सुरचा किनारा. सांता लुसिया डोंगररांग येथे सरळ पॅसिफिक महासागरात उतरते. आपल्या कोकणाप्रमाणे मध्ये सपाट पट्टी नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत येथे सलग गाडीरस्ता असा नव्हताच. १८९४ साली पॉइंट सुरजवळ ‘लॉस एंजेलिस’ नावाचे जहाज फुटले. जखमींवर उपचार करायला मॉन्टेरेहून डॉ. जॉन रॉबर्ट्स नावाचे डॉक्टर अत्यंत बिकट वाटेने तेथे पोचले. येथे रस्ता हवा, हे त्यांच्या मनाने घेतले. १८९७ साली ते हा किनारा पायी चालून गेले, छायाचित्रे काढली आणि पुढे वर्षानुवर्षे सरकारचा पाठपुरावा केला. १९१९ साली पैसा मंजूर झाला. काम १९३७ साली संपले.

हे काम करणाऱ्या मजुरांत सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी होते. लिटल सुर नदी, कर्क क्रीक आणि अँडरसन क्रीक येथे त्यांच्या छावण्या होत्या. दिवसाला ३५ सेंट मजुरी आणि शिक्षेत सूट, असा व्यवहार होता. सुरुंगाने डोंगर फोडायचा आणि राडारोडा खाली समुद्रात लोटायचा, ही पद्धत. १९३२ साली बिक्सबी खाडीवरचा काँक्रीटचा कमानी पूल झाला. लांबी ७१४ फूट, उंची सुमारे २६० फूट. आज कॅलिफोर्नियाच्या कुठल्याही पर्यटन-पत्रकावर दिसतो तो हाच.

या रस्त्याचे स्वागत सगळ्यांनी केले नाही. कार्मेलमध्ये स्वतःच्या हाताने दगडी मनोरा बांधून राहणाऱ्या रॉबिन्सन जेफर्स या कवीने १९३०च्या दशकात ‘द कोस्ट-रोड’ ही कविता लिहिली. डोंगराच्या सोंडेवर उभा असलेला एक घोडेस्वार खाली पूल बांधणाऱ्यांकडे पाहून मूठ उगारतो, असे तिच्यातले दृश्य आहे. रस्ता पुरा होण्याआधीच रस्त्याविरुद्धचा निषेध साहित्यात आला होता. मात्र जेफर्सच्या घोडेस्वाराला खाली यंत्रे आणि माणसे दिसतात. त्या कष्टकऱ्यांतल्या कोणाच्या पायात शिक्षा होती, हा त्याचा विषय नाही.

या छावण्यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. हेन्री मिलर हा कादंबरीकार १९४४ साली बिग सुरला आला आणि काही काळ अँडरसन क्रीकच्या जुन्या कैदी-छावणीतल्या खोपट्यात राहिला. कर्क क्रीकला आज वनखात्याचा तळ आहे. समुद्रावर झुकलेल्या त्या कड्यावर आरव्ही उभी करून रात्र काढणे हा प्रवासी लोकांना मोठा भाग्ययोग वाटतो. कैद्यांची जागा आधी लेखकाची झाली आणि मग पर्यटकाची.

रोसिनान्ते

२३ सप्टेंबर १९६० रोजी स्टाइनबेक लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बर गावातून निघाला. जीएमसी कंपनीचा ट्रक, त्यावर मुद्दाम बनवून घेतलेली खोली. खोलीत बिछाना, शेगडी, टेबल. गाडीचे नाव ‘रोसिनान्ते’, म्हणजे डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचे नाव. सोबत चार्ली नावाचा पूडल जातीचा कुत्रा. सुमारे दहा हजार मैलांचा हा प्रवास होता. ती गाडी आज सॅलिनासच्या स्टाइनबेक संग्रहालयात ठेवलेली आहे.

नाव विनोदाने ठेवले आहे, पण त्यात या पुस्तकाची सगळी गोम आहे. डॉन किहोते निघतो तो पुस्तके वाचून डोक्यात भरलेल्या जगाच्या शोधात. स्टाइनबेकचेही तसेच आहे. ‘अमेरिकेच्या शोधात’ असे उपशीर्षक देणाऱ्या या माणसाला ती अमेरिका आधीच पाठ होती, कारण ती त्यानेच लिहिली होती. मॉन्टेरेत आल्यावर जॉनी गार्सियाच्या दारूच्या गुत्त्यात जुने मित्र भेटतात, तू परत ये म्हणतात, आणि तो मेलेल्या मित्रांची नावे घेऊ लागतो. हे प्रकरण मला पुस्तकातले सर्वांत प्रामाणिक वाटते. आपण ओळखत होतो ते गाव आता केवळ आपल्या पुस्तकांत शिल्लक आहे, ही जाणीव येथे लेखकाला बोचते. त्यानंतर फ्रीमाँट शिखरावर चढून तो सगळ्या खोऱ्याकडे एकदा पाहतो आणि निरोप घेतो.

आता नकाशा पाहू. मॉन्टेरेहून दक्षिणेकडे निघणारा अमेरिकेतला सर्वांत देखणा किनारी रस्ता त्याच्या समोर होता. तरुणपणी याच रस्त्याच्या कामावर त्याने मजुरी केल्याची नोंद सापडते. ‘फ्लाइट’ ही त्याची गाजलेली कथा मॉन्टेरेच्या दक्षिणेकडच्या याच रानवट किनाऱ्यावर सुरू होते. पण रोसिनान्ते त्या रस्त्याने गेली नाही. ती आतल्या दरीतून मोहावे वाळवंटाकडे वळली. पुस्तकात बिग सुरचा कडा नाही. त्यात मला आश्चर्य वाटत नाही. ज्याने रस्त्याच्या कामावर घाम गाळला, त्याला त्या रस्त्यावर खिडकीतून देखावा बघत जाणे कदाचित रुचले नसेल. हे अनुमान आहे, एवढे स्पष्ट सांगतो.

गाळलेली बायको

दुसरी गोष्ट अनुमानाची नाही. २०१० साली बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने स्टाइनबेकचा सारा मार्ग पुन्हा कापला, पत्रव्यवहार तपासला आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात ठेवलेले हस्तलिखित वाचले. त्यातून निष्पन्न झाले ते असे: लेखक पुस्तकात भासवतो तेवढ्या रात्री तो गाडीत झोपलेला नाही. हॉटेले, मोटेले आणि नातलगांची घरे यांचाच आधार मोठा होता. आणि सिअ‍ॅटलपासून पश्चिम किनाऱ्याने खाली येताना त्याची पत्नी इलेन त्याच्याबरोबर होती. हस्तलिखितात ती आहे, छापील पुस्तकाच्या त्या भागातून ती नाहीशी झाली आहे. शिकागो आणि टेक्सास येथे ती पुस्तकात येते. पण समुद्राकाठच्या प्रवासात, ओरेगनच्या पावसात आणि रेडवूडच्या महाकाय वृक्षांखाली, वाचकाला दिसतात ते एक लेखक आणि एक कुत्रा.

यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया झाल्या. एक, पुस्तक खोटे ठरले. दुसरी, कादंबरीकाराने रचून लिहिले तर बिघडले काय? पुढे प्रकाशकाने पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत, हे सारे शब्दशः घडले असे समजू नये, अशी सूचना प्रस्तावनेतून दिली. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. प्रवासवर्णनात संवाद बांधले जातात, दोन दिवसांचा एक दिवस होतो, तीन माणसांचे एक पात्र होते. एवढी मोकळीक मी कुठल्याही लेखकाला देईन. रचणे आणि पुसणे यांत मात्र फरक करायला हवा. रचताना लेखक वाचकाच्या पदरात काही भर घालतो. पुसताना तो काढून घेतो, आणि काय काढले हे वाचकाला कळूही देत नाही.

येथे जे काढले गेले त्यामुळे पुस्तकाचे नुकसान झाले आहे. फिरत्या घरातल्या एकट्या पुरुषाची प्रतिमा उभी राहावी म्हणून किनाऱ्यावरचा सारा संवादच गेला. परिणामी या भागात स्टाइनबेक चार्लीशी बोलतो, झाडांशी बोलतो, आणि उरलेल्या वेळी स्वगत बोलतो. मेनच्या आणि मॉन्टॅनाच्या प्रकरणांतला ताजेपणा येथे उतरतो. एक बुद्धिमान स्त्री शेजारी बसली असताना त्या प्रवासात काय काय बोलणे झाले असेल, याला आपण मुकलो. योगायोग असा की पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० सालचीच. तीत सुनीताबाई आहेत, त्यांची टोकणी आहे, आणि पुस्तकाचा निम्मा विनोद त्या सोबतीतून फुलतो. प्रवासातली सोबत लपवली नाही म्हणून ‘अपूर्वाई’ कुठे उणी पडली नाही.

पुलाखालून

केरुआक त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बिक्सबी दरीत, कवी लॉरेन्स फर्लिंगेटीच्या झोपडीत राहिला. कादंबरीत नावे बदललेली आहेत, पण जागा ओळखू येते. निवेदक रात्री मॉन्टेरेहून टॅक्सीने येतो आणि कंदिलाच्या उजेडात दरीत उतरतो. समुद्राचा आवाज येतो, पण समुद्र दिसत नाही. सकाळी त्याला कळते की डोक्यावर प्रचंड उंचीवर पूल आहे, आणि खाली वाळूत एक मोटार उलटी पडून गंजते आहे. कधीतरी कठडा तोडून ती वरून कोसळली होती.

बिक्सबी पुलाची लाखो छायाचित्रे निघाली असतील. ती जवळजवळ सगळी वरून किंवा बाजूने. पूल खालून पाहणारे, आणि त्याखाली पडलेली गाडी पाहणारे हे वर्णन मला त्या रस्त्याबद्दलचे सर्वांत महत्त्वाचे लेखन वाटते. हा रस्ता डोंगराच्या मर्जीने टिकून आहे, हे ती गंजकी मोटार एका क्षणात सांगते.

पुढे एक प्रसंग आहे. निवेदकाला मॉन्टेरेला परतायचे असते. अंतर चौदा मैल. ‘ऑन द रोड’चा लेखक तो, अंगठा दाखवून गाडी थांबवणे ही त्याची सारी कीर्ती. पण आता रस्ता पर्यटकांचा झाला आहे. लांबलचक स्टेशन वॅगन गाड्या जातात, त्यांत नवरा, बायको, मुले, सामान. एकही थांबत नाही. तापलेल्या डांबरावर चालून तळपायांना फोड येतात. आपण आयुष्यात पुन्हा अशी गाडी मागितली नाही, असे निवेदक नोंदवतो. हा केरुआकचा वैयक्तिक पराभव म्हणून वाचला जातो. मी तो रस्त्याच्या इतिहासातली नोंद म्हणून वाचतो. गाडीत घर आले, घरातले सामान आले, आणि अनोळखी माणसाला जागा उरली नाही.

याचा अर्थ केरुआक नीतिमान आणि स्टाइनबेक ढोंगी, असा मात्र नाही. ‘बिग सुर’चा उत्तरार्ध दारूच्या भ्रमात भरकटतो. तिथल्या स्त्रियांकडे आणि एका लहान मुलाकडे निवेदक ज्या नजरेने पाहतो, ती वाचवत नाही. पण तो आपली भीती लपवत नाही. किनाऱ्याने आपल्याला बरे केले नाही, उलट सोलून काढले, हे तो कबूल करतो. देखाव्याने मन शांत होते, या पर्यटनाच्या मूळ गृहीतकालाच त्यामुळे तडा जातो.

बेकरीची गाडी

स्टाइनबेकची बाजू पुरी मांडायची तर २४ वर्षे मागे जावे लागेल. १९३६ साली ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’साठी स्थलांतरित शेतमजुरांवर लेखमाला लिहायची होती. तेव्हा त्याने बेकरीची एक जुनी गाडी घेतली, तीत अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी टाकली, आणि तो मजुरांच्या छावण्यांतून फिरला. या सामग्रीतून १९३९ साली ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ झाली. त्या कादंबरीतली जोड कुटुंबाची गाडी आठवावी. जुनी हडसन मोटार कापून केलेला ट्रक, त्यावर गाद्या, भांडी, आजी-आजोबा, गरोदर मुलगी. तेही चाकांवरचेच घर. फरक एवढाच की त्यांना परतायला दुसरे घर नव्हते.

म्हणजे एकाच लेखकाच्या आयुष्यात तीन फिरती घरे आहेत: बेकरीची गाडी, जोड कुटुंबाचा ट्रक आणि रोसिनान्ते. तिसऱ्या घराचे मोल पहिल्या दोघांशी ताडून करायला हवे. आणि तसे करताना एक प्रसंग रोसिनान्तेच्या बाजूने उभा राहतो. मेनमध्ये बटाटे काढायला कॅनडातून आलेले मजुरांचे एक कुटुंब शेजारी उतरलेले असते. स्टाइनबेक आधी चार्लीला ‘वकील’ म्हणून पाठवतो, मग साऱ्यांना आपल्या चिमुकल्या खोलीत बोलावतो, आणि जपून ठेवलेली उंची ब्रँडी त्यांच्यापुढे ठेवतो. दाटीवाटीने बसलेली ती मंडळी आणि शिष्टाचाराने घेतलेले ते घोट! हा प्रसंगही कितपत जसाच्या तसा घडला, कोणी सांगावे. पण त्यात १९३६चा लेखक जिवंत आहे. तेथे गाडीचे दार उघडे आहे.

आजचा तळ

हा धागा आज कुठे पोचला, हे जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकात दिसते. घर गमावलेली, निवृत्तिवेतन न पुरणारी साठी-सत्तरीची माणसे व्हॅनमध्ये राहतात. कधी गोदामात माल भरतात, कधी बीट काढतात, कधी पर्यटन-तळावर रखवालदारी करतात. शौचालये धुणे, शेकोट्यांची राख काढणे, आलेल्या आरव्हींना जागा दाखवणे ही त्यांची कामे. एकाच तळावर दोन प्रकारची फिरती घरे शेजारी उभी असतात. एकातले लोक सुट्टीवर आलेले, दुसऱ्यातले कामावर. क्लोई झाओ यांनी यावर केलेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात नायिका फर्न कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर एका मित्राच्या मुलाच्या घरी जाते. ऊबदार बिछाना मिळतो, राहण्याचे निमंत्रण मिळते. ती रात्री उठून आपल्या व्हॅनमध्ये जाऊन झोपते आणि नंतर वाऱ्यापावसात समुद्राच्या कड्यावर एकटी उभी राहते. चित्रपट या क्षणाला स्वातंत्र्याचे सौंदर्य देतो. पुस्तक इतके उदार नाही. मला पुस्तकाची कोरडी नजर अधिक विश्वासार्ह वाटते, कारण त्यात मजुरीचा हिशेब आहे.

आणि रस्ता? तो सतत कोसळतो आहे. मे २०१७ मध्ये मड क्रीक येथे अर्धा डोंगर समुद्रात गेला. रस्ता पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडले. २०२१ साली रॅट क्रीकला रस्ताच वाहून गेला. जानेवारी २०२३ पासून एकामागून एक दरडींनी हा किनारा दोन तुकड्यांत तोडला, तो जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा जोडला गेला. ज्या एसेलेन लोकांची ही मूळ भूमी, त्यांना २०२० साली लिटल सुर नदीकाठची १,१९९ एकर जमीन परत मिळाली. कड्यावरचा मुक्काम हवा असेल तर आता महिनोन्‌महिने आधी जागा राखावी लागते. रस्त्याकडेला गाडी लावून झोपायला बंदी आहे. मोकाट भटकंतीचे हे स्वप्न इतक्या आरक्षणांवर आणि दुरुस्त्यांवर उभे आहे.

मराठी वाचकाला हे परके राहिलेले नाही. मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या अनेकांच्या लेखनात ‘हायवे वन’चा एक परिच्छेद असतोच. इकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पुलांची कामे चालू आहेत. उद्या त्या रस्त्यावरून फिरत्या घरांतून जाणारे मराठी लेखक निपजतील, आणि निपजावेत. त्यांचे लेखन वाचताना सूर्यास्ताची वर्णने मोजू नयेत. पूल कोणी बांधला, तो खालून कसा दिसतो, तळावरची राख सकाळी कोण काढते, आणि शेजारच्या आसनावर कोण बसले होते, एवढे त्या लेखनात सापडते का ते पाहावे. पॅसिफिकच्या काठावर स्टाइनबेकसारखा थोर लेखक यातल्या शेवटच्या प्रश्नापाशी चुकला. त्याच स्टाइनबेकने मेनच्या बटाट्याच्या शेतापाशी मात्र गाडीचे दार उघडले होते, आणि म्हणून त्या पुस्तकाकडे आपण अजूनही परत जातो.